पोळ्याला येती म्हणली

कुठल्याही सतरंजीवर बसायच्या आधी मावशी तिचा कोपरा उचलून उलटी बाजू बघायची. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या मौतीला भेटायला गेलेली असो. खाली वाकायची, कोपरा उचलायची, अंगठ्यानं चोळून बघायची आणि मगच टेकायची. एका लग्नात नवऱ्या मुलाची आई ऐटीत बसलेली होती. मावशी तिला म्हणाली, "उठ गं जराक." ती बिचारी काहीतरी सांडलं असेल म्हणून घाबरून उठली. मावशीनं तिच्या खालची सतरंजी उलटून पाहिली आणि म्हणाली, "बस आता. आमचीच हाय."

धर्माबादला स्टेशनच्या रस्त्यावर माझं मंडपाचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या गल्लीत मावशी आणि तिचा नवरा राहायचे. त्याला मी काका म्हणायचो. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या मंडपात अंथरलेल्या सतरंज्या याच दोघांच्या हातच्या. मावशी मला नावानं कधी हाक मारायची नाही. 'मंडपवाल्या' म्हणायची. माझं लग्न झालं तेव्हा माझी बायको 'मंडपवाली' झाली.

त्यांचा माग म्हणजे पडवीत जमिनीलगत आडव्या टाकलेल्या दोन जाड तुळया. त्या दोन तुळयांमध्ये सुताचा ताणा असा ओढून बांधलेला असायचा की बोट मारलं तर वाजावा. ताणा चढवायच्या दिवशी गल्लीतल्या चार घरांतली माणसं ओढायला यायची. सूत घरीच रंगवायचे. अंगणात लोखंडी पिपात पाणी उकळायचं, त्यात रंग, रंगात लडी. मावशीचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. हळदीकुंकवाला गेली की बायका हसायच्या. ती म्हणायची, "तुमच्या मेंदीपेक्षा टिकती."

विणताना दोघं फळीवर शेजारी शेजारी बसायचे. सतरंजी रुंद असली की एका माणसाचा हात दुसऱ्या काठापर्यंत पोचत नाही. काका आपल्या बाजूनं रंगीत सूत ताण्यातून मधोमध आणायचा, तिथं मावशीच्या हातात द्यायचा, आणि ती ते आपल्या काठापर्यंत न्यायची. परतताना तसंच. मग दोघं लोखंडी पंजानं ठोकून ते सूत घट्ट बसवायचे. पंजा म्हणजे वाकड्या बोटांच्या हातासारखं हत्यार. दोन पंजांचा आवाज माझ्या गल्ल्यापर्यंत यायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा आवाज असेल, बंद पडेपर्यंत ज्याच्याकडं लक्ष जात नाही.

त्यांना एकच लेक होती, लता. काकाचा तिच्यावर फार जीव. बाजारातून येताना तिच्यासाठी काहीतरी आणल्याशिवाय तो घरात पाऊल टाकायचा नाही. लतासाठी त्यानं भोकरकडचं एक स्थळ पक्कं केलं होतं. सुपारी फुटली आणि पंधरवड्याच्या आत लता निजामाबादच्या एका तेलुगू पोरासोबत निघून गेली. पोरगा मोटारी दुरुस्त करायचा, आमच्या इथं कामाला आला होता. पोरगा वाईट नव्हता. पण काकानं ते ऐकूनच घेतलं नाही.

एक दिवस सकाळी तो दुकानात आला आणि म्हणाला, "चार सतरंज्या दे. जेवण हाय."

"कशाचं जेवण, काका?"

"तेराव्याचं."

"कोण गेलं?"

"पोरगी," तो म्हणाला, आणि सतरंज्या खांद्यावर टाकून चालायला लागला.

असं करणारी माणसं पूर्वी होती हे मी ऐकलं होतं. पाहिलं त्या दिवशी. जिवंत पोरीच्या नावानं पंगत बसली. माणसं मान खाली घालून जेवली आणि न बोलता उठली. मावशी मागच्या दारी चुलीजवळ बसून होती. तिचं रडणं नाही, ओरडणं नाही. सगळे गेल्यावर तिनं स्वतः त्या चारही सतरंज्या गुंडाळल्या, माझ्या दुकानात आणून टाकल्या आणि म्हणाली, "धू ह्यायला. जित्या माणसाचं तेरावं जेवलेत ह्याच्यावर."

त्या दिवसापासून मावशी नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

पण माग दोघांचा होता. दुसऱ्याच दिवशी दोघं पुन्हा फळीवर शेजारी बसले. तो सूत मधोमध आणायचा, ती हात पुढं करायची. सूत या हातातून त्या हातात जायचं. नजर ताण्यावर. मी तिथं गेलो की माझ्या तोंडून त्यांचा संसार चालायचा.

"मंडपवाल्या, तुह्या काकाला सांग, निळं कमी पडून राहिलंय."

काका मला म्हणायचा, "तिला सांग, ऐकलं मी. उद्या रंगवतो."

"त्याला म्हणावं उद्या नगं, आजच."

"बरं म्हणावं."

मला हसू यायचं. दोघंही आपापल्या बाजूला गंभीर. पुढं पुढं हसू येईनासं झालं. काही वर्षं हे असंच चाललं. काकाचं जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, आजारपणात काढा. सगळं व्हायचं, फक्त शब्द नाही. एकदा मी म्हणालो, "मावशी, आता सोडा की." ती म्हणाली, "तो जेवण घालून मोकळा झाला. मी कशानं मोकळी होऊ?"

याच काळात मंडपात लाल गालिच्याचे गुंडाळे आले. मशीनवरचे, हलके, टेम्पोत मावणारे. गिऱ्हाइकं तेच मागू लागली, मलाही आणावे लागले. मावशीनं माझ्या दुकानात एकाचा कोपरा उचलून पाहिला. मागं नुसता चिकटवलेला रबरासारखा थर. "ह्याला पाठच न्हाई रे," ती म्हणाली आणि हळूच कोपरा खाली ठेवला. त्यांना काम कमी होत गेलं. एखादं देऊळ, एखादी जुन्या चालीची शाळा, अधूनमधून मी.

एका देवळाचीच मोठी सतरंजी मागावर अर्धी झाली होती. मावशीनं नेहमीसारखा मधोमध हात पुढं केला. सूत आलं नाही. तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग मान वळवून नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि सूत मांडीवर पडलं होतं. तिनं मारलेली हाक मी दुकानात ऐकली. हाक मला होती.

लकवा होता. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आम्ही त्याला नेलं. जीव वाचला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. घरी आणल्यावर मावशी त्याला भरवायची, अंग पुसायची, कूस बदलायची. अजूनही न बोलता. त्याच्या तोंडून एकच आवाज निघायचा, "ल... ल..."

मी भेटायला गेलो की ती विचारायची, "काय म्हणून राहिलाय तुहा काका?"

मी टाळायचो. पाणी मागत असतील, लिंबू मागत असतील. शेवटी एकदा म्हणालो, "मावशी, लता म्हणून राहिलेत."

"मला काय ऐकू येत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी म्हणावं वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निजामाबादला गेली. लता गेल्यापासून पहिल्यांदाच. माझी बायको काकाजवळ बसली. आम्ही सगळे मनात धरून होतो की संध्याकाळी दोघी येतील. संध्याकाळी मावशी एकटीच आली. हातात एका नव्या लुगड्याची पिशवी.

ओसरीवर उभी राहून तिनं मला दबक्या आवाजात सांगितलं. लेकीनं चहा दिला, जेवू घातलं, लुगडं दिलं, गळ्यात पडून रडली. पण बापाचं नाव काढल्याबरोबर उठून उभी राहिली. म्हणाली, "माझं तेरावं झालंय न्हवं, आई? मेलेली बाई गल्लीतून चालत आली तं लोक भेतील."

"मग आता?" मी विचारलं.

ती आत गेली. काका बाजेवर पडल्या पडल्या दाराकडंच बघत होता. तिच्या मागं कुणी येतं का ते बघत होता. ती बाजेच्या कडेला बसली, आणि इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोलली.

"पोळ्याला येती म्हणली."

काकाच्या गळ्यातून कसलासा आवाज आला. डावा हात उचलून त्यानं तिच्या हातावर ठेवला. तिनं तो काढला नाही. मी तिथून निघून आलो. नवरा-बायको इतक्या दिवसांनी बोलत होते, आणि बोलत होते ते खोटं होतं. ते मला बघवेना.

त्यानंतर मात्र मावशी त्याच्याशी सारखी बोलायची. लता कशी दिसती, जावई कसा हाय, घरात फ्रीज घेतलाय, तुळस लावलीय. त्यातलं खरं किती, कुणास ठाऊक. काकानं खूण करून बाज फिरवून घेतली. तोंड दाराकडं. पोळ्याला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी तो तसाच, दाराकडं बघत गेला.

मी लताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. आली नाही.

मावशीनं विळा घेतला आणि मागावरची अर्धी सतरंजी ताण्यातून कापून काढली. कडेचे दोरे बांधलेसुद्धा नाहीत. "ह्याच्यावर ठेवा त्यायला," म्हणाली. देवळाच्या मंडळींनी एका शब्दानं विचारलं नाही. काकाला पोचवून आम्ही परतल्यावर ती मला म्हणाली, "बरं झालं बाबा, पोळ्याच्या आधी गेला. न्हाईतर त्या दिवशी मी काय सांगितलं असतं?"

एकटीच्या हाताला पोचेल एवढ्या रुंदीची आसनं विणायचा तिनं प्रयत्न केला. देवपूजेला बसायची आसनं. मी काही घेतली, काही खपवली. पण बाजारात प्लास्टिकची चटई होती आणि घरमालकाला पडवी हवी होती. तुळया कुणीतरी छपराला नेल्या. मावशी मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्य-मिरचीच्या बाजारामागच्या एका खोलीत राहायला गेली आणि मिरचीच्या कामाला लागली. आमच्याकडं हंगामात लाल मिरचीचे ढीग पडतात, आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. दुकानासमोरून जाताना ती थांबायची नाही. मी हाक मारली तर नुसता हात वर करायची.

असं एक वर्ष गेलं. पुढच्या हंगामात दुपारी एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. अंगानं भरलेली, केसात चमेली, बोलण्यात थोडा तेलुगू हेल. ओळखायला मला वेळ लागला.

"आई कुठं हाय? घराला दुसऱ्याचंच कुलूप हाय."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं मावशी तिच्यासोबत निजामाबादला गेली ती कायमची. तिकडंच वर्षभरानं वारली, असं लतानं फोनवर कळवलं. पण त्या दुपारी मोंढ्यात जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मोंढ्याकडं चालताना मी लताला बापाची बाज दाराकडं फिरवल्याचं सांगितलं. पोळ्याचंही सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती रस्त्यातच थांबली. मागून ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत राहिला, तेव्हा मी तिला हाताला धरून कडेला घेतलं.

मोंढ्यात पत्र्याखाली मिरचीच्या ढिगांभोवती बायका रांगा करून बसल्या होत्या. ठसक्यामुळं सगळ्यांनी नाकातोंडाला फडकी गुंडाळलेली, नुसते लाल डोळे उघडे. यातली मावशी कोणती, मला काही कळेना. लता थोडी पुढं गेली आणि जोरात ओरडली, "आई!"

कितीतरी बायकांनी माना वर केल्या. सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आया. एकीनं मात्र मान वर केली नाही. ती खाली बघून देठ खुडतच राहिली. लता सरळ तिच्याकडं गेली आणि समोर उकिडवी बसली.

मावशीनं हातातली मिरची ढिगावर टाकली. तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"तुहा बाप दाराकडं तोंड करून गेला," ती म्हणाली.

"कळलं, आई."

"मी त्यायला खोटं सांगितलं."

लता त्या तिखट धुळीतच खाली बसली आणि आईच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. मिरचीच्या मोंढ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत असतं. कुणी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.