खतीजाबीनं राखलेली भट्टी

पडदा वर जातो तेव्हा समोर अंधार असतो आणि अंधाराच्या मधोमध एक लाल तोंड. ते तोंड भट्टीचं. डोळे जरा सरावले की डाव्या अंगाला मैदा मळायची लांबलचक काठवट दिसते, उजवीकडे मोळ्यांची रास दिसते, वर धुरानं काळी झालेली कौलं दिसतात. मग दिसते ती लाल तोंडासमोर उकिडवी बसलेली, पदर कमरेला खोचलेली एक बाई. बाहेर कर्जत स्टेशनात पुण्याच्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून इंजिन लागतं. त्याचा धक्का जमिनीतून थेट इथवर येतो आणि कौलांवरची काजळी भुरभुर खाली पडते. बाई मान वर करत नाही. तिचं ध्यान विस्तवात आहे.

ही खतीजाबी. रमजानच्या पावभट्टीची मालकीण असं गाव म्हणायचं. ती हसून म्हणायची, मालकीण ही भट्टी, मी हिची मोलकरीण.

मळणं आणि पाव विकणं नवऱ्याकडे, रमजानकडे होतं. विस्तवाचं काम मात्र त्याच्याच्यानं होत नसे, धुराचा दमा होता त्याला. चार लाकडं पेटवली की छातीत शिट्टी वाजायची. म्हणून लग्न होऊन आली त्या वर्षीच सासऱ्यानं तिला भट्टीसमोर बसवलं आणि घराण्याचा एक नियम तिच्या हाती दिला. भट्टी गार होऊ द्यायची नाही. एकदा का विटा गार पडल्या की त्या ओल धरतात, मग त्यांना पुन्हा तापवायला गाडीभर लाकूड लागतं आणि तीन-तीन दिवस एक पाव हाती येत नाही. रोज थोडं खायला घातलं तर भट्टी थोडक्यात भागवते. उपाशी ठेवली तर घर खाते. म्हातारा गेला, नियम राहिला. ईद असो, घरात आजारपण असो, भट्टीला रोज घास.

नियम खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. खोट्या नियमाशी माणूस भांडू तरी शकतं.

खतीजाबीचं माहेर लोधिवलीला. काही सातासमुद्रापार नव्हे. चौक गावाकडे जाणाऱ्या मोटारीत सकाळी बसलं तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतं. पण बाप वारला तेव्हा ती गेली तेवढीच, आणि संध्याकाळी परत आली, कारण भट्टी. आई आयशाबी तिकडे एकटी. भाऊ अली अंडी आणि सुकी मासळी घेऊन दर बाजाराला कर्जतला यायचा. येताना आईचा निरोप आणायचा आणि जाताना गरम पावांची लादी घेऊन जायचा. मायलेकींची भेट ती एवढीच, पावाच्या वासातून.

मग लढाईचे दिवस आले. रॉकेल कुपनावर गेलं, मैदा परमिटावर गेला. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या आणि रानातलं लाकूड कोळसा होऊन त्या मोटारींच्या पाठीवर चढलं. भट्टीला उरलं ते ओलं. ठाकरवाडीची ठकी मोळी टाकून घाम पुसत उभी राहायची आणि भाव मात्र सुक्याचा सांगायची.

खतीजाबी एक फाटा हातात धरून म्हणायची, "ठके, हे लाकूड हाय का दुधी? पाणी निथळतंय."

"मग कालवण कर ना भाभी," ठकी म्हणायची. "रान काय माझ्या बापाचं हाय, वाळवून द्यायला?"

दोघी हसायच्या आणि मोळी घ्यायचीच असायची.

ओलं लाकूड भट्टीत गेलं की आधी रडतं. टोकातून फेस काढतं, धूर करतं, आणि अर्धी आच स्वतःचे डोळे पुसण्यातच घालवतं. खतीजाबीनं ते रडणं दिवसचे दिवस बघितलं. एक दिवस तिच्या मनात आलं की पाव निघाल्यावर विटांत जी ऊब उरते ती कुणासाठी? जाते कुठे? हात फिरवत तिनं माग काढला. पत्र्याच्या दाराच्या फटीतून जात होती. घुमटाच्या माथ्यावरून जात होती, तिथे मांजरं निजायची. त्या घरातली सगळ्यात सुखी मांजरंच.

तिनं मांजरं हाकलली. घुमटावर राखेचा आणि भाताच्या तुसाचा हातभर थर घातला, वरून मातीनं लिंपला. तूस गिरणीबाहेर ढिगानं पडलेलं असायचं, कुणी विचारत नव्हतं. पत्र्याच्या दारालाही तूसमातीचं जाड अस्तर दिलं आणि रोज पाव निघाले की दाराच्या कडा ओल्या मातीनं बंद करायला लागली. ऊब उतरत जाईल तशी कामं लावून दिली. आधी पाव, मग बटर आणि टोस्ट, मग शेजारणींच्या नानकटाईची ताटं, आणि सगळ्यात शेवटी, निखारा उरला नाही हे पाहून, उद्याची ओली लाकडं आत वाळत. उद्याची लाकडं आजच्या उबेवर सुकू लागली आणि रडायची थांबली. दिव्याचंही तिनं पाहिलं. मळायच्या बाजूच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या, नेरळहून एक काचेचं कौल आणवून बरोबर काठवटीच्या वर बसवलं. कंदील लावून पहाटे व्हायचं मळणं आता संध्याकाळच्या उजेडात उरकायला लागलं.

गावाला वाटलं, बाई काटकसरीची. रमजानलाही तेच वाटलं. खरी गोष्ट वेगळी होती. भट्टी दोन दिवस आपली आपण गरम राहिली तर त्या दोन दिवसांत लोधिवली होते. ती लाकूड वाचवत नव्हती, लोधिवलीची वाट लिंपत होती.

एकदा तिनं रमजानला तसं सांगून टाकलं. तो माणूस वाईट नव्हता. गरिबीचं भय होतं त्याला, दम्यासारखंच, छातीत बसलेलं. तो म्हणाला, "दोन दिवस राहू दे गरम. मी स्वतः तुला मोटारीत बसवीन."

भट्टीवाल्यांकडे उष्णता मोजायची एक जुनी रीत आहे. चिमूटभर मैदा आतल्या लादीवर फेकायचा. क्षणात काळा झाला तर भट्टी तापट. सावकाश बदामी झाला तर पाव घालायला तयार. पांढराच राहिला तर भट्टी गार, घर उपाशी.

तिनं शुक्रवारी भट्टी लिंपून बंद केली. रमजाननं त्या दिवशी पीठ थोडं जास्त मळलं होतं, शनिवार त्या जादा पावांवर निभावला. शनिवारी सबंध दिवस तिनं दाराला हात लावला नाही. रविवारी पहाटे रमजानला शेजारी उभं करून मातीची कड फोडली आणि चिमूट फेकली. मैदा पडला. पांढरा होता. पांढरा होता. मग कडेनं सावळला आणि हळूहळू बदामी झाला. नाटकात असल्या क्षणाला टाळी पडते. खतीजाबीनं नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

रमजानचे डोळे चमकले. तो म्हणाला, "अगं, एवढी आच शिल्लक राहते? मग अर्ध्या मोळीत दुसरी खेप निघेल की."

नेरळच्या हॉटेलवाल्याची मागणी कधीची पडून होती. माथेरानला जाणारे लोक तिथे उतरत, चहाबरोबर पाव मागत. रमजाननं त्याच दिवशी होकार कळवला. मळणं संध्याकाळी उरकायला लागलं होतं, तर मोकळ्या झालेल्या पहाटेत वाचलेल्या रॉकेलवर दुसऱ्या खेपेचं मळणं बसलं. पूर्वी दुपारी भट्टी बंद झाली की तिला पाय पसरायला मिळायचे, आता तिथे नेरळची खेप आली. तिनं वाचवलेला एकेक फाटा तिच्याच पुढ्यात काम होऊन परत आला. रमजान लोकांना कौतुकानं सांगायचा, हे सगळं खतीजाच्या डोक्याचं. ती ऐकायची आणि दाराच्या कडेला माती लावायची. तिनं भट्टीची ऊब बाहेर जाण्याची एकेक फट बुजवली होती, आणि आता कळत होतं की आत आपणही आहोत.

लोधिवलीचं तिनं पुन्हा काढलं तेव्हा तो म्हणाला, पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला तेव्हा म्हणाला, नेरळवाल्याचा हंगाम जाऊ दे.

एका बाजाराला अली आला तो अंडी न उतरवताच भट्टीशी येऊन बसला. आईनं अन्न टाकलंय म्हणाला. पाव नेला तर हुंगते आणि उशाशी ठेवते. खतीजाबीनं विचारलं, काही बोलली का. अली मान खाली घालून म्हणाला, "म्हणाली, पाव नको, पाव करणारी पाठव."

रमजाननं ते ऐकलं. त्याला वाईटही वाटलं. उद्याची खेप तेवढी निघू दे, म्हणाला, मग बघू. अली बाजार उरकून रात्री त्यांच्याकडेच राहिला.

त्या दिवशी दुपारी शेवटची लादी निघाल्यावर खतीजाबीनं माती भिजवली. हातात गोळा घेतला आणि बराच वेळ तशीच बसली. मग गोळा पाण्यात परत सोडला. आत वाळत घालायची लाकडं बाहेरच ठेवली, निखारे ओढून राखेत पुरले, आणि भट्टीचं तोंड सताड उघडं टाकून ती उठली. संध्याकाळपर्यंत हाकललेली मांजरंसुद्धा परत येऊन दाराशी बसली, ऊब बाहेर येत होती ना. कितीतरी वर्षांची राखलेली ऊब, एका संध्याकाळी अंगणात गेली.

रमजान संध्याकाळी मळून गेला, विस्तवाकडे बघायची त्याला सवयच नव्हती. पहाटे तो आला. दार उघडं दिसलं तरी त्यानं चिमूटभर मैदा घेतला, कारण रीत ती रीत. मैदा लादीवर पडला आणि पांढराच राहिला. त्यानं दुसरी चिमूट टाकली. तीही तशीच. मागे खतीजाबी धुतलेलं लुगडं नेसून, हातात गाठोडं घेऊन उभी होती.

ओरडायचं म्हटलं तर ओरडू शकला असता. तो काठवटीच्या कडेला बसला. छातीतली शिट्टी वाजत होती. शेवटी म्हणाला, "आज पाव नाय. उद्या पण नाय." मग उठत, "जा. अम्माला सलाम सांग. लाकडाचं मी बघतो." आणि बोलला होता तसा तिला अलीबरोबर मोटारीत बसवून आला.

लोधिवलीला आयशाबी ओटीवर पडून होती. लेकीचे हात हातात घेऊन तिनं पहिल्यांदा काय केलं तर ते हुंगले. मग उठून बसली आणि म्हणाली, भूक लागलीय. अली विहिरीवर गेला. खतीजाबीनं चूल पेटवली, तांदळाची पेज ठेवली. घरात सुकी लाकडं होती, चूल छान फुलली, जाळ भांड्याच्या बाहेर डोकावायला लागला.

खतीजाबीचा हात पुढे गेला. तिनं दोन लाकडं मागे ओढली, निखारे एकत्र केले, राखेनं कड झाकली, आणि पाण्याच्या घागरीकडे वळून ओल्या मातीसाठी इकडेतिकडे बघायला लागली.

आईनं ते बघितलं. म्हणाली, "जळू दे गं. हितं कोण बघतंय तुझं लाकूड?"

खतीजाबीनं राखेनं माखलेला हात वर केला, उलटासुलटा करून बघितला, आणि आईसमोर धरला.

"ह्याला तूच सांग अम्मा, आज सुट्टी हाय म्हणून. माझं ऐकत नाय तो."