दुर्बिणीवरचं पुठ्ठ्याचं झाकण

मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा माळ्यावरची दुर्बीण खाली काढली होती. तिच्या तोंडावरचं काळं झाकण पाहून धाकटीने विचारलं, "आजी, झाकणाला मधे एवढं मोठं भोक कशाला? धूळ तर आत जाणारच." मी म्हटलं, नंतर सांगते. मग तुमची बॅगा भरायची घाई झाली आणि ते राहून गेलं. आता सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला सावकाश वाचता येईल.

ती दुर्बीण तुमच्या आजोबांची, पण तिचा आरसा त्यांच्या थोरल्या भावाने घासलेला. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणे. दोघे साक्रीकडच्या एका खेड्यातले. आजोबा शिकून धुळ्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले आणि आम्ही देवपुरात घर केलं. मी तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवत असे. भाऊंना लवकर कामाला लागावं लागलं. जळगावला एका चष्मेवाल्याच्या हाताखाली शिकून त्यांनी पुढे स्वतःचं छोटं दुकान काढलं. चष्म्याची काच फ्रेमच्या आकाराला घासून बसवायची, हे त्यांचं काम. त्या कामात सगळं कसब कडेचं असतं. भाऊंनी बसवलेली काच फ्रेममध्ये कधी खुळखुळली नाही, असं त्यांची गिऱ्हाइकं सांगत.

हॅलेचा धूमकेतू येऊन गेला आणि आजोबांच्या डोक्यात दुर्बीण शिरली. विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. भाऊ म्हणाले, "काच तर काच. आरसा मी घासतो, बाकीचं तू बघ." दुकानामागच्या बोळात पाण्याने भरलेल्या पिंपावर जाड काच ठेवून, वर दुसरी काच घेऊन, मधे घासायची भुकटी आणि पाणी घालून ते हिवाळाभर घासत होते. दुकान बंद झालं की पिंपाभोवती फेऱ्या सुरू. आरशाला पुण्याहून मुलामा चढवून आणला. नळीसाठी जळगावच्याच एका कारखान्यातला पाइपचा उरलेला तुकडा मिळाला. तो एसटीच्या टपावर टाकून भाऊ धुळ्याला आले, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "काय भाऊ, बोअरला पाणी लागलं का?" भाऊ म्हणाले, "अजून नाही. वरच्या बाजूने खणतोय."

पहिल्या रात्री गच्चीवर चंद्र पाहिला. आधी भाऊंनी. बराच वेळ ते डोळा काढेनात. मग मला म्हणाले, "या बाई, बघा. तुमच्या इंग्रजीत याला काय म्हणतात ते नंतर सांगा." ते मला नेहमी बाई म्हणत, शाळेतल्या मुलांसारखं, आणि तोंडावर हसू दिसू देत नसत.

चंद्र छान दिसे, पण ग्रह कुरकुरत. गुरूचे पट्टे पुसट, कडेभोवती धुरकट उजेड. आमच्याकडचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळी भट्टीसारखी हवा वर सोडते. त्या हवेतून पाहिलेला गुरू पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा हलतो. आजोबांनी कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात वाचलं, की दुर्बिणीचं तोंड थोडं झाकून लहान केलं तर उजेड कमी होतो, पण ग्रहाचं चित्र स्थिर होतं. ग्रह मुळातच तेजस्वी, त्यामुळे थोडा उजेड गेला तरी बिघडत नाही.

माझ्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यांनी नळीच्या मापाची चकती कापली. मधे स्टीलची वाटी पालथी घालून गोल आखला आणि ब्लेडने कापून काढला. शाळेत फळ्यांना लावायचा काळा रंग उरला होता, तो मी आणून दिला. झाकण बसवलं आणि गुरूचे दोन पट्टे रेघ मारल्यासारखे दिसले. आजोबा मला दहादा बोलावून दाखवत होते.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात भाऊ आले. दिवे लागायच्या सुमारास गच्चीवर गेले आणि झाकण पाहून थांबले.

"हे काय?"

"झाकण. गरम हवेचा त्रास कमी होतो."

भाऊंनी भोकातून आत पाहिलं. झाकणामुळे आरशाची सगळी कड झाकली गेली होती, फक्त मधला भाग उघडा होता.

"कड खराब शे का?" त्यांनी विचारलं. दोघेच असले की अहिराणीत बोलत; शे म्हणजे आहे. मी पायरीवर होते, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"नही भाऊ. हवा शे, हवा."

"मग थंडीत काढशील."

"थंडीत कशाला लागेल?"

भाऊंना तेवढं पुरलं. जेवताना त्यांनी आजोबांची पुष्कळ थट्टा केली. "प्रोफेसरसाहेबांनी सहा इंचांचा आरसा मागितला आणि वाटीएवढाच वापरतात. आधी सांगायचं, वाटीच घासून दिली असती."

पण थंडीतही झाकण निघालं नाही. गच्ची गार असायची, हवा स्थिर असायची, आणि तरी झाकणाशिवाय शनीभोवती धुरकट उजेड राही. आजोबांना कारण कळलं होतं. आरसा घासताना कडेला हात थोडा जास्त दाबला गेला की तिथली काच खाली उतरते, आणि त्या पट्टीवर पडलेला उजेड भलतीकडे जातो. दुसऱ्या कुणाच्या हातून हे अनवधानाने झालं असतं. भाऊंच्या हातून ते सवयीने झालं. आयुष्यभर त्यांनी कडेवरच जोर दिला होता. चष्म्याच्या काचेला जे लागतं तेच आरशाला नको होतं.

आजोबांनी हे मला सांगितलं आणि म्हणाले, "भाऊंना बोलू नको. एवढं घासलंय माणसाने."

मी नाही बोलले. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

चंपाषष्ठीला भाऊ जळगावची भरताची वांगी घेऊन आले, पिशवीभर. ते येणार म्हणून आजोबांनी दुपारीच झाकण काढून कपाटामागे सरकवलं. संध्याकाळी गच्चीवर काटक्या पेटवून वांगी भाजली. मी खाली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि त्यांची पाटी घेऊन वर आले. पश्चिमेकडे षष्ठीची कोर होती आणि तिच्या जवळच शनी.

भाऊंनी डोळा लावला. बराच वेळ लावूनच होते. मग म्हणाले, "झाकण कुठंय?"

"आता कशाला? थंडी आहे."

"आण रे."

आजोबा खाली जाऊन झाकण घेऊन आले. भाऊंनी ते स्वतःच्या हाताने बसवलं, पाहिलं, काढलं, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी ते आजोबांच्या हातात दिलं आणि वांगी सोलायला बसले. गरम वांग्याचं साल काढताना त्यांची बोटं भाजत नसत. "बाई, मिरची कमी पडली," एवढंच म्हणाले.

सकाळी एसटीला निघताना त्यांनी हात पुढे केला. "आरसा दे. नेतो. कड पुन्हा घासतो."

आजोबा म्हणाले, "नको भाऊ. चांगला आहे आरसा. उगाच काय."

"चांगला शे तर झाकतोस कशाला?"

"हवेसाठी."

"कालची हवा माले दिसली," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमच्या शाळेत पोराचं गणित चुकलं तर तुम्ही काय करता? वर पुठ्ठा चिकटवता?"

मी हसले. मला वाटलं थट्टाच करताहेत. आरसा न घेताच ते गेले.

त्यानंतर त्यांनी दोनदा निरोप पाठवला. आजोबांची अडचण खरीही होती. पुन्हा घासायचा म्हणजे मुलामा काढायचा, परत पुण्याला पाठवायचा, महिनोन्‌महिने दुर्बीण रिकामी. त्यातून आषाढात गुरूवर धूमकेतूचे तुकडे आदळणार म्हणून पेपरात येत होतं. आजोबांनी कळवलं, तेवढं होऊन जाऊ दे, मग देतो. पण मला माहीत होतं की ते नुसतं निमित्त आहे. मोठ्या भावाला त्याची चूक हातात नेऊन द्यायची, हे त्यांच्याने होत नव्हतं. आपण चूक झाकली की तो दुखावणार नाही, असं ते धरून चालले होते. भाऊंना चूक दिसल्याचं दुःख नव्हतं. ती दुरुस्त करू देत नाहीत, याचं होतं. हे मला कळायला फार उशीर झाला.

आषाढात रोज ढग. एका संध्याकाळी थोडा वेळ उघडीप मिळाली आणि गुरूवर काळे डाग दिसले, भाकरीवर पडतात तसे. आजोबा लहान मुलासारखे धावत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, मागून मी. जळगावला दुकानात फोन लावला.

"दिसलं भाऊ. तुमच्या आरशातून दिसलं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आजोबा म्हणाले, "काढून."

बूथबाहेर आल्यावर मी विचारलं, भाऊंनी काय विचारलं? म्हणाले, "झाकण लावून पाहिलं की काढून, ते." मग घरी परतलो. गच्चीवर झाकण दुर्बिणीच्या तोंडावर तसंच होतं.

पुढच्या हिवाळ्यात भाऊंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. आजोबांनी त्याच आठवड्यात आरसा काढला, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले. मीही बरोबर होते. जळगावला पोचलो तेव्हा भाऊ घरी पलंगावर टेकून बसले होते. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं.

आजोबांनी टॉवेल सोडला आणि आरसा त्यांच्या मांडीवर ठेवला. "भाऊ, कड घासायची होती ना. आणलाय."

भाऊंनी डावा अंगठा कडेवरून फिरवला, अगदी गोल, सगळीकडून. एका जागी थांबला, तिथे दोनदा फिरवला.

"हाई," ते म्हणाले, म्हणजे हीच ती जागा. मग अंगठा तिथेच ठेवून, "आठ दिवसांचं काम व्हतं रे."

आजोबा म्हणाले, "तुम्ही सांगा, मी घासतो."

भाऊंनी मान हलवली. "सांगून येत नही ते."

मग त्यांनी मला चहा करायला सांगितलं, "बाई, साखर जास्त," आणि आरसा स्वतःच टॉवेलात गुंडाळायचा प्रयत्न केला. एका हाताने ते जमेना. आजोबा मदतीला पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे, जमेल." आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने जमलं.

भाऊ गेल्यावरही आजोबा ग्रह पाहत, झाकण लावूनच पाहत. ते छान दिसत, हेही खरं. आता तुमचे बाबा म्हणतात, असे आरसे दुरुस्त करून देणारे लोक शहरात आहेत, पाठवून देऊ का. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. धाकटे, तुला झाकण कशासाठी ते विचारायचं होतं ना. पुढच्या वेळी शनी तू दोन्ही तऱ्हांनी बघ, आधी काढून, मग लावून. काढून बघशील तेव्हा भोवती धुरकट उजेड दिसेल. तो भाऊंच्या हाताचा आहे. त्यांना तो पुसायचा होता, आणि आम्ही पुसू दिला नाही.