निसेच्या वाटणीची खीर

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. पुण्यात घरी कोणी दृष्ट काढायला लागलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. आता योकोहामात आयटीत नोकरी करतो. बायको मेटे, डेन्मार्कची. घडलं ते मागच्या नाताळात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात.

मेटेच्या आजोळी, शेतावर, एक रीत होती. माळ्यावर निसे राहतो... लाल टोपीवाला, गुडघ्याएवढा म्हातारा. घर राखतो, गुरं राखतो, पण भारी मानी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याला तांदळाची खीर ठेवायची, मध्ये लोण्याचा गोळा, आणि नंतर तिला हात लावायचा नाही. घर बदललं तर सामानाबरोबर तोही येतो म्हणे. मी चिडवायचो, मग त्याचा व्हिसा कोणता? मेटे हसायची, पण खीर ठेवायचीच. इथे माळा नाही, म्हणून गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात.

त्या वर्षी मेटे हॉस्पिटलमध्ये होती. सातवा महिना, अंगात ताप, आणि बाळाचे ठोके मध्येच मंदावत होते. आधीचं एक मूल आम्ही गमावलं होतं, त्यामुळे दोघांचाही जीव टांगणीला. तिने खिरीचं बजावलं. मी मुकाट्याने केली, दुपारीच कपाटात ठेवली आणि तिच्याकडे गेलो.

घरी आई होती, बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली. संध्याकाळी परतलो तर तिने हातात वाटी दिली. भूक लागली होती, उभ्यानेच खाल्ली. मग विचारलं, खीर कधी केलीस? ती म्हणाली, कपाटात नैवेद्य दिसला, तो प्रसाद म्हणून दोघांत वाटला, फिक्का होता म्हणून साखर घातली.

आईची चूक तरी कशी म्हणू? आपल्याकडे नैवेद्य दाखवला की तो खायचाच असतो. मी हसण्यावारी न्यायला बघितलं, पण बसवेना. उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. तेवढ्यात मेटेचा फोन आला.

"खीर कोणी खाल्ली?"

मी म्हटलं, कोणीच नाही.

"निखिल, तो इथे आलाय. खुर्चीत बसलाय. उपाशी आहे."

ठोके पुन्हा मंदावले होते, डॉक्टर ऑपरेशनचं बोलत होते. आईला सगळं सांगितलं. वाटलं, तापात बरळली असेल म्हणेल. पण ती हातपाय धुऊन आली आणि दूध तापत ठेवलं. तूप सोडायला निघाली, मी अडवलं, लोणीच लागतं. खाली कोनबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असलेल्या दुकानात, धावत जाऊन बटर आणलं. आईने वाटी स्वतः कपाटात ठेवली आणि हात जोडले.

"घरचंच समजून तुमच्या ताटातलं घेतलं, चुकलं आमचं. तुम्ही जेवा. आणि पोरीला सांभाळा."

मी हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ठोके सुरळीत झाले होते. नर्सने मशीन दाखवलं. मेटे म्हणाली, तो उठून गेला. ऑपरेशन टळलं.

सकाळी कपाट उघडलं. खिरीवर साय जशीच्या तशी, मध्ये फक्त खळगा. लोणी विरघळलं म्हणाल, तर वर तुपकट थेंबही नव्हता. उंदीर म्हणाल, तर कपाटाला भोक नाही आणि सायीवर ओरखडा नाही. तापात भास होतात, ठोके आपोआपही सुधारतात... सगळं मान्य. पण तिला खिरीचं कसं कळलं? आई आणि मी, दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मुलगी झाली, ठणठणीत आहे, आता रांगते. यंदा डिसेंबरात कंपनी मला कामासाठी सेंदाईला पाठवत होती. मी नाही म्हटलं. माझे साहेब यामादा-सान, त्यांना सांगितलं, घरी कुळाचार आहे, मी लागतो. मेटे म्हणते, तू जा की, मी ठेवते खीर. मला जाववत नाही. निसे आहे यावर माझा आजही विश्वास नाही. पण तो उपाशी राहिला तर... पुढचं मला बोलवत नाही.