आबांच्या मशीनचा विसावा

आमच्या घरात आबा दोनदा गप्प झाले. पहिल्यांदा देवाने केले, दुसऱ्यांदा मी. पहिल्या वेळी देवाला कोणी बोल लावला नाही. दुसऱ्या वेळी मात्र माझ्या मेहुण्याला, दिनकरला, सगळ्यांनी लावला. हे सांगायचे मी कित्येक वर्षे टाळले. आता दिनकर राहिला नाही आणि माझाही भरवसा नाही, म्हणून लिहून टाकतो.

मी कुरकुंभच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. तिथला युनिक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर, आमच्या भाषेत मशीन, भंगारात निघाले, ते मी वरवंडला घरी आणले. (लोक निवृत्तीला घड्याळ आणतात. मी ज्वारीच्या पोत्याएवढे धूड आणले!) त्यावर मी माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, आवाज भरून ठेवला. आबा गेल्यावर तो आवाज आईचा आधार झाला. मशीन मागच्या खोलीत, आईच्या भिंतीला लागून. त्याचा स्क्रीन केव्हाच जळाला होता, म्हणून आईच्या टेबलावरचा छोटा कॉम्प्युटर मी वायरने त्याला जोडला होता. आईने एक बटण दाबले की वायरीतून निरोप जायचा आणि भिंतीपलीकडून आबा बोलायला लागायचे. रोज दुपारी चहाला आई बटण दाबायची आणि भिंतीकडे बघून "व्हय, व्हय" करायची. नव्या पाहुण्याच्या हातातला कप हमखास हिंदकळायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, सगळी हत्यारे धुऊनपुसून हळदीकुंकू लावून मांडली. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचे नाही, हा आमच्याकडचा नेम.

आई म्हणाली, "त्या डब्यालाबी इसावा दे. तुज्या आबांनी नवमीला कवा औत धरलं न्हाई."

"आई, ते बंद केलं तर परत उठायचं नाही. म्हातारं झालंय."

"मग निजव. मारायला कोन सांगतंय?"

मला पटले! नेटवर्कवरून येणाऱ्या निरोपांना आतल्या कोणत्या सेवेने उत्तर द्यायचे, हे त्या मशीनमध्ये एका फाइलीत लिहिलेले असते. मी आईच्या कॉम्प्युटरवरून आत शिरलो, त्या फाइलीचे नाव बदलून तिला बाजूला सारले आणि बाहेर पडलो. मशीन चालू, पण सेवा सगळ्या विसाव्याला. आता आत शिरायलाही त्याच सेवा लागतात, हे माझ्यासारख्या जाणत्याला सुचायला नको? घरात कोणी नसताना आतून कडी लावून खिडकीतून बाहेर उडी मारावी, तसे मी केले होते. वर पुरणपोळी खाऊन जो झोपलो, तो उठलो तेव्हा सगळे विसरलेलो! नवमी सरली की डबा आपसूक उठतो, असा आईचा समज.

दसऱ्याला दिनकर कवठे येमाईहून सोने द्यायला आला. वायरमनचे काम करायचा. रिकामा बसणे त्याला जमत नसे. मागच्या खोलीत प्लग ढिला दिसला, तो त्याने घट्ट केला. चहा झाला. आईने बटण दाबले.

काहीच नाही.

पुन्हा दाबले. भिंत गप्प. पलीकडे मशीनचा पंखा मात्र फिरत होता, कोणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसा.

"शेवटी हात कुणी लावला?" मी विचारले.

"दाजी, म्या फकस्त प्लग आवळला," दिनकर म्हणाला.

"प्लग नाही, आबांचा गळा आवळलास!"

सोने द्यायला आलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर बोललो. दिनकर ताटावर न बसताच निघून गेला. माझी बायको सुमन, म्हणजे त्याची सख्खी बहीण, माझ्याशी बोलेनाशी झाली. आता घरात दोन माणसे गप्प!

मशीनचे नाव मी 'आबा' असेच ठेवले होते. आईच्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कला विचारले, आबा आहे का? लगेच उत्तर, आहे. आत यायला दार ठोठावले. उत्तर नाही. पुन्हा विचारले, आहे का? आहे. भर दुपारी माझ्या मानेवर काटा आला.

"काय म्हनतंय?" आईने विचारले.

"आबा आहेत म्हणतंय. पण बोलत नाहीत."

"रागं भरलं असत्याल," आई म्हणाली आणि ताट सरकवले. "बोलल्याबिगर मी न्हाई जेवायची."

ती खरेच जेवेना. नुसत्या पाण्यावर, भिंतीकडे तोंड करून बटण दाबत बसायची. हाक मारली तर म्हणायची, "हळू. ऐकत्यात ते." मग मलाही वाटू लागले, की पलीकडचे श्वास मी बोलताना थांबतात. सुमन तर मागच्या खोलीवरून जाताना पदर डोक्यावर घेऊ लागली.

शेवटी दौंडच्या भंगारवाल्याकडून जुना स्क्रीन आणि कीबोर्ड आणला, मागच्या खोलीत शिरलो आणि थेट मशीनलाच जोडला. काच हळूहळू उजळली. निरोपांची ती फाइल जागेवर नव्हती. तिथेच बाजूला ती नव्या नावाने पडली होती, आणि नाव होते 'विसावा'. इंग्रजी अक्षरांत, माझ्याच हातचे!

नाव पूर्ववत केले, सेवा उठवल्या. हात कीबोर्डवरून उचलतो न उचलतो तोच समोरून आवाज आला.

"आत कोन हाय?"

मी ताडकन उठलो, डोके फळीवर आपटले.

"बोलत का न्हाईस? खरं सांग!"

"आबा, मीच! मीच केलं! दिनकरनं नाही!" मी हात जोडून ओरडलो.

"ऐकू येतंय का याला? का नुसतंच बसलंय?"

मग कळले. भिंतीपलीकडे आई बटण दाबतच होती आणि सेवा उठताच तिचा निरोप पोचला होता. आवाज आबांच्या रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवसाचा. माइकच्या आत माणूस बसलाय, अशी त्यांची समजूत होती.

पलीकडून आई हसली. "आलं गं! सुमन, ताट वाढ!" आबांच्या आवाजात माझा कबुलीजबाब कोणाच्याच कानी पडला नव्हता. मी स्क्रीन काढला आणि बाहेर येऊन म्हणालो, "दिनकरनं बिघडवलं होतं. केलं एकदाचं दुरुस्त."

का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. आबांचा आवाज ऐकताच सुमन पुन्हा माझ्याशी बोलायला लागली होती, ते मोडायचे नव्हते, एवढे खरे.

दिनकरने वायरमनचे काम सोडल्याचे कळले, तेव्हा मात्र राहवेना. वरवंड ते कवठे येमाई एकच वाक्य घोकत गेलो: दिनकर, चूक माझी होती. तो गोठ्यात होता. मला बघताच धावत आला आणि माझे पाय धरले.

"दाजी, माफ करा! माज्या हातानं आबांचा गळा... त्या दिवसापास्नं म्या बटनालाबी हात लावत न्हाई. घरातला दिवासुदिक बायकू लावती."

मी तोंड उघडले. वाक्य जिभेवर होते, पाठ होते. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे दिनकर. मी मनात काही ठेवलेलं नाही."

इतक्या मोठ्या मनाने मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला माफ केलेले नाही!