बिनगिअरच्या गाडीची पदयात्रा

माणसाने यंत्रावर किती विश्वास ठेवावा, हा आपल्या काळातला सर्वांत गंभीर नैतिक प्रश्न आहे, असं मी अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवताना वर्षातून एकदा तरी म्हणायचो. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. प्रत्यक्षात हा प्रश्न माझ्या घरी आला तो बायकोच्या डाव्या गुडघ्यातून.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, गाडी खुशाल चालवा, पण क्लच विसरा. बायको तिवशाच्या शाळेत गणित शिकवायची. रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, ते आमच्या जुन्या गाडीने, स्वतः चालवत. आता ती गाडी चालवता येईना आणि एसटीची पायरी गुडघ्याला झेपेना. नोकरीची नऊ वर्षं शिल्लक होती.

तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मेव्हणे, बार्शीटाकळीजवळ शेती करायचे आणि उरलेला वेळ एका पुढाऱ्याला द्यायचे. त्या पुढाऱ्यांना सगळा भाग नुसतं 'साहेब' म्हणायचा. मेव्हण्यांनी आमच्या अडचणीवर एका दमात उपाय काढला: स्वेच्छानिवृत्ती. अर्जाचा नमुनाही तेच घेऊन आले. मी त्यातलं शुद्धलेखन तपासून तो टेबलाच्या खणात ठेवला. घरात वाद नको असला की मी शुद्धलेखन तपासतो.

बायकोने अर्जाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने अकोल्यात एक गाडी हुडकून काढली होती. एका दाताच्या डॉक्टरांची, सात वर्षं वापरलेली, पांढरी, क्लच नसलेली. नुसती ऑटोमॅटिक नाही, तर सीव्हीटी. म्हणजे तिच्यात गिअरच नव्हते.

ही बातमी कॉलनीत आणि नातेवाइकांत ज्या गतीने पसरली तेवढी गती त्या गाडीने पुढे कधी दाखवली नाही. जो तो विचारी, "गिअर किती?" मी सांगे, "एकही नाही." मग समोरचा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवी. जुन्या बाजारात सीव्हीटी म्हणजे बंद पेटी, उघडली की पुन्हा लागत नाही, असं प्रत्येकाला कोणीतरी सांगितलं होतं. त्यांच्यापैकी एकानेही अशी गाडी पाहिलेली नव्हती. इतिहासाच्या माणसाला या प्रकारच्या पुराव्याची सवय असते.

मेव्हणे फोनवर म्हणाले, "जवाईबुवा, गिअर नाही त मंग ते चालते कायच्या भरोशावर?"

हा प्रश्न मी अकोल्याच्या मिस्त्रींना विचारला. अशा गाड्या उघडणारे त्या भागात ते एकटेच. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. बापाचं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाच्या यंत्रांवर गेलेलं.

"सर, जिनिंगमदला पट्टा पाह्यला ना? दोन चाकं अन् मंधात पट्टा? बस, तेच. फक्त हा पट्टा लोखंडी, अन् चाकं आपल्या मनानं लहान-मोठी होतात. त्याच्यात डरने जैसा कुछ नहीं."

"टिकतो का?"

"पट्टा टिकते. मानसं टिकू देत नाहीत."

त्यांनी गाडी गावाबाहेर नेली, चढावर थांबवली, पुन्हा उचलली, मग बोनेट उघडून गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेतलं आणि डोळे मिटून हुंगलं. अत्तर विकणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक करतं तसं. "तेल जळेल नाही, वास साफ आहे," ते म्हणाले. "घ्या." मग बायकोकडे वळून तीन गोष्टी सांगितल्या. तेल याचंच टाकायचं, दुसरं कोणी फुकट दिलं तरी नाही. उन्हात तासन्‌तास पावलापावलाने रांगवायची नाही. आणि बंद पडली तर टोचन करायचं नाही.

ही तिसरी अट आमच्याकडे फार कठीण. टोचन म्हणजे बंद गाडी दोरीने ट्रॅक्टरला बांधून ओढत नेणं. वऱ्हाडात गाडी खोकली तरी चार माणसं दोरी घेऊन येतात. का बंद पडली, हे विचारणं हा मदत करणाऱ्याचा अपमान समजला जातो.

"यानं पट्टा सुकाच घासते, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "कोनी दोरी आनली त गाडीतून उतरूच नका."

गाडी घरी आली. पहिला आठवडा बायकोचा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, ब्रेक सापडायचा, आणि माझं कपाळ पुढच्या काचेला भेटायला जायचं. मग तिने डावी चप्पल काढून ठेवायला सुरुवात केली. अनवाणी पायाला आपण रजेवर आहोत हे लगेच समजलं. गाडीची एक खोड मात्र शेवटपर्यंत राहिली: जोरात पाय दाबला की आधी एकाच पट्टीत मोठा आवाज, आणि वेग मागाहून सावकाश. आमच्या प्राचार्यांच्या हाताखाली बारा वर्षं काढल्यामुळे मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

सहा महिने गाडी तिवशाला बिनतक्रार गेली-आली. मेव्हणे दर रविवारी फोनवर विचारत, "बंद पडली का?" काळजीने नव्हे, पंचांग पाहून बसलेल्या माणसासारखे.

ती बोंडअळीच्या पाठोपाठची वर्षं. आमच्याकडे पाऊस कमी आणि पदयात्रा जास्त. शेतकऱ्यांचं दुःख जाणून घ्यायला इतके लोक चालत यायचे, की एका गावात दोन यात्रा समोरासमोर आल्या आणि अर्धा तास कोणी वाट सोडेना. साहेबांनीही एप्रिलमध्ये बार्शीटाकळी ते अकोला पायी जायचं जाहीर केलं. साहेबांची चालायची एक पद्धत होती. गाव आलं की शंभर पावलं चालायचं, गाव संपलं की मागच्या गाडीत बसायचं. लोक मात्र चालतच असत, त्यामुळे गाडीलाही त्यांच्या पावलांनी चालावं लागे. मागच्या खेपेला जीप होती. क्लच सोडताना तिने असा हिसका दिला, की साहेबांचा चहा साहेबांवरच सांडला आणि पुढची चार गावं त्यांनी छातीवर पुष्पगुच्छ धरून काढली.

मेव्हणे स्वतः आमच्याकडे आले.

"बाई, तुही गाडी मने ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप रांगते?"

"रांगते. पन रांगवाची नाही, असं मिस्त्रीनं सांगलं."

"वीस किलोमीटर त आहे! साहेबांच्या कामात नाही म्हनशीन?"

बायकोने क्षणभर विचार केला. मग गणिताच्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "दादा, गाडी मीच चालवीन. अन् एक बोली. गाडी अकोल्याले पोचली, त तो निवृत्तीचा विषय पुन्यांदा काढाचा नाही."

"अन् रस्त्यात थांबली त?"

"त दुसऱ्या दिवशी अर्जावर सही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी खण उघडून अर्ज जागेवर आहे का ते पाहिलं. मग मिस्त्रींना फोन केला. त्यांनी बराच वेळ हळहळून सांगितलं, की गरम झाली तर ती आधी दम सोडेल, दिवा लागेल. तेव्हा हट्ट करायचा नाही. बाजूला घ्यायची, लिव्हर पी वर, म्हणजे पार्किंगवर, इंजिन चालू, बोनेट वर, अर्धा तास. "अन् समोरून हवा लागू द्या सर. तिले हवा पाह्यजे."

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तर बँड, झेंडे आणि दोन वार्ताहर हजर होते. आम्ही मेव्हण्यांकडे पोहे खायला बसलो, तेवढ्यात कार्यकर्त्यांनी गाडी सजवली. झेंडूच्या माळा आणि पुढच्या जाळीवर, एका हेडलाइटपासून दुसऱ्यापर्यंत, साहेबांचा हात जोडलेला फोटो असलेला जाड फ्लेक्स. सुतळीने घट्ट बांधलेला. मी तो पाहिला. मला तो फक्त वाईट दिसला. इतकी पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात आलं नाही, की गाडीचं नाक याच बाजूला असतं.

नऊपर्यंत ठीक चाललं. साहेब मागे बसून पाय चोळत होते, मी पुढे बायकोशेजारी. त्यांना माझा विषय कळल्यावर ते म्हणाले, "इतिहास! वा. आज आपण तोच घडवून राहिलो." आणि झोपले. बाहेर शे-दीडशे माणसं चालत होती. त्यांतल्या कित्येकांना तोच रस्ता परतही चालायचा होता, आणि त्याची बातमी होणार नव्हती.

दहाच्या सुमारास बायको हळूच म्हणाली, "दम सोडून राह्यली." तिने पाय दाबला, आवाज आला, वेग आला नाही. मग दिवा लागला. तिने गाडी कडुलिंबाखाली घेतली आणि लिव्हर पी वर टाकला. तिचा अनवाणी डावा पाय पुन्हा क्लच शोधायला लागला. ती साहेबांना घाबरत नव्हती. तिला खणातला अर्ज दिसत होता.

साहेब जागे झाले. "गाव आलं का?"

"नाही साहेब. गाडी तापली. अर्धा तास थांबावं लागेल."

"मग मी काय करू?"

बायको म्हणाली, "पदयात्रा आहे ना साहेब."

बाहेर दोन्ही वार्ताहर कॅमेरे घेऊन उभे होते. साहेबांनी अकोल्याच्या दिशेला एकदा पाहिलं, डोक्यावर उपरणं घेतलं आणि उतरले.

तेवढ्यात मेव्हणे ट्रॅक्टर आणि दोरी घेऊन हजर. चेहऱ्यावर पंचांग खरं ठरल्याचं समाधान.

"मी म्हनलं होतं! उतर बाई, टोचन करू."

"दोरी लावली त मी उतरत नाही."

"काहून? बंद पडली ना?"

"थांबली. बंद नाही पडली. इंजिनाचा आवाज येऊन राह्यला, कान दे." मग ती उतरली, बोनेट उघडायला पुढे गेली, आणि तिथेच उभी राहिली. "दादा, हे कोनं बांधलं?"

"कार्यकर्त्याइनं. काहून?"

"तुह्या साहेबानं हिचं नाक दाबून धरलं ना, बाप्पा!"

तिने सुतळी दाताने तोडली, फ्लेक्सची घडी केली आणि डिकीत टाकली. पस्तीस मिनिटांनी दिवा विझला आणि गाडी अशी निघाली की जणू काही झालंच नाही. पुढे साहेब घामाने निथळत चालताना दिसले. बायकोने काच खाली करून विचारलं, "बसता का साहेब?" साहेबांचा हात दाराकडे गेला. कॅमेरेही त्याच बाजूला वळले. साहेबांनी हात जोडले. अगदी फ्लेक्सवर होते तसेच.

आम्ही अकोल्याला मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फ्लेक्सची हकीकत ऐकली आणि तेल हुंगलं. "काही नाही झालं. फक्त साहेबाले समोर बसवू नका."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: साहेबांनी रणरणत्या उन्हात बार्शीटाकळी ते अकोला हे सगळं अंतर पायी कापलं, एकदाही वाहनाचा आधार घेतला नाही. मेव्हण्यांनी बायकोला फोन केला.

"बाई, बोली लक्षात आहे ना? गाडी थांबली होती."

"कोनती गाडी दादा? पेपरात त गाडी नोती."

मेव्हण्यांची पंचाईत झाली. गाडी थांबली म्हणावं, तर गाडी होती म्हणावं लागत होतं. आणि गाडी होती म्हणावं, तर साहेब त्यात होते. माझे मेव्हणे काहीही करतील, पण साहेबांना खोटं पाडणार नाहीत. "बरं," ते म्हणाले, आणि कपाशीच्या बियाण्याविषयी बोलायला लागले. निवृत्तीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बायको तेव्हा तिवशाहून बोलत होती. सकाळची शाळा होती आणि पहिला तास संपला होता.

ती पुढची सगळी वर्षं त्याच गाडीने गेली-आली आणि वेळ झाली तेव्हाच निवृत्त झाली. गाडी अजून आहे. साहेबांचा फ्लेक्सही आहे. पावसाळ्यात आम्ही तो कुलरवर झाकतो. त्यातून हवा अजिबात जात नाही.