जर्मन पासिंगची गाडी

बारामतीत आमच्या फाटकाशी गाडी थांबली, की माणूस उतरण्याआधी तिचा नंबर वाचला जातो. एमएच-४२ असेल तर आपल्यातलेच कोणीतरी. आई हातातले काम सोडत नाही. एमएच-१२ असेल तर पुण्याचे पाहुणे. काचेच्या कपाटातल्या कपबश्या बाहेर येतात. त्यामुळे माझ्यासाठी जर्मनीतल्या मुलाचे स्थळ आले, तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या शेळगावहून मुद्दाम आलेल्या तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांनी, मोबाइलवरच्या फोटोत मुलाआधी त्याची लाल, उघड्या टपाची गाडी पाहिली, याचे कोणालाच नवल वाटले नाही.

“ह्ये कुठलं पासिंग म्हनायचं?”

मला जर्मनीतल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी प्रवेश मिळाला होता. वडिलांची अट एकच होती: लग्न करून, नवऱ्याच्या सोबतीने जायचे. मला एकटीने जायचे होते. हे स्थळ पसंत पडले असते, तर वाद तिथेच निकालात निघाला असता. तरीही त्या खोलीत गाडीची ती नंबरपाटी वाचता येणारी मी एकटीच होते, आणि तो मोह आवरणे मला शक्य नव्हते.

“सुरुवातीची अक्षरे गावाची, तात्या. साधारणपणे गाव जितके मोठे, तितकी अक्षरे कमी. इथे एकच आहे, म्हणजे मोठे शहर. तीन असती, तर आपल्या तालुक्याएवढे काहीतरी.”

“म्हंजे बारामतीला एक आन आमच्या इंदापूरला तीन? तितंबी त्येच का?”

“मधली अक्षरे आणि आकडे पैसे भरून निवडता येतात. ही त्याच्या नावाची आद्याक्षरे दिसतात.”

“आन शेवटाला ह्ये वर चार, खाली धा?”

“ती हंगामी पाटी. एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ही गाडी रस्त्यावर आणता येते.”

तात्यांचा चेहरा पडला. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या कचेरीत गेली होती. तिथे माणसे दोनच प्रकारची, कायम आणि हंगामी. गळीत संपले की हंगामी माणूस घरी बसतो. आमच्या भागात मुलगी देताना याची चौकशी पत्रिकेच्याही आधी होते.

“पोरगा हंगामी हाय,” मोबाइल पालथा ठेवत ते म्हणाले. “पाच म्हयनं घरी बसतुया. आपल्याला न्हाय जमायचं.”

“अहो, पण एवढी भारी गाडी...” आई पुटपुटली.

“गाडीच हंगामी, तर मालक कायम कसा?”

निष्कर्ष माझ्या सोयीचा होता. गप्प बसले असते, तर स्थळ तिथेच मोडले असते. परंतु मी दिलेल्या माहितीवरून चुकीचा निष्कर्ष निघावा, हे मला लग्नापेक्षाही असह्य होते.

“तात्या, हंगाम गाडीला आहे, माणसाला नाही. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर बर्फ आणि त्यावर मीठ. अशी गाडी कोण बाहेर काढेल? कर आणि विमाही चालवण्याच्या महिन्यांपुरताच पडतो. नोकरी कायम असू शकते.”

आईचा चेहरा उजळला. वडिलांनी मोबाइल उचलून मुलाकडे नव्याने पाहिले. माझ्याच हातांनी मी माझे स्थळ जुळवत होते.

तात्या मात्र हटले नव्हते. “गाडी धड हाय का न्हाय, त्ये कुठं लिवलंय?”

“तपासणीची मुदत गोल स्टिकरवर असते. पण तो मागच्या पाटीवर. फोटोत पुढचीच आहे.”

तात्या वडिलांकडे वळले. “तू म्हनत हुतास, परक्या मुलखात पोरीला सोबत पायजे. आरं, हिला हितं बसून तिथलं पासिंग कळतंय. सोबत हिला लागंल का त्याला?”

“मग त्यांना काय कळवायचं?” वडिलांनी अवघडून विचारले.

“कळीव, पोरगी आधी शिकाय येतीया. बाकीचं सवडीनं.” आणि चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाले, “स्थळवाले पुढचीच बाजू दावत्यात, पोरी. तू मागनं बघून सांग.”