हरलेल्यांची आक्का

मोडीआक्काला कुणी आधी निवाडा विचारला, की ती कागद मिटून ठेवायची. कंपनी सरकारच्या अमदानीतले दिवाणी दावे ती लोकांना वाचून दाखवी. समोर शहापूरचा विणकर असो नाहीतर निपाणीचा तंबाखूवाला, त्याला वादी, प्रतिवादी, साक्षीदार अशा सगळ्यांच्या जबान्या ऐकाव्याच लागत. "आधी दोगांचं बी ऐका," एवढंच म्हणायची. लोक चुळबुळत, घड्याळ बघत. आक्का ढिम्म.

ती माझी आत्या. येळ्ळूरच्या शाळेत बाई होती, मोडी आजोबांकडून शिकलेली. निवृत्त झाल्यावर बेळगावच्या एका कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसू लागली, बिनपगारी. जुन्या दाव्यांचे लाल फडक्यात बांधलेले रुमाल तिथं छतापर्यंत रचलेले होते. वाचणारं कुणी नव्हतं. वाळवीला मात्र सगळ्या लिप्या येत होत्या.

माझे वडील तिला चिडवत, मेलेल्यांची वकिली करतीस, फी कोण देणार? ती म्हणायची, "जिकलेल्यांची पोरं येत्यात नक्कल मागाय. हरलेल्याचं कोन वाचतंय?"

मग एका पावसाळ्यात रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं. ज्या रुमालाला गोषवारा जोडलेला असेल तेवढाच ठेवायचा, बाकीचे लगद्याच्या कारखान्याला द्यायचे, असं कचेरीनं मुदत घालून ठरवलं. नेमके तेव्हाच आक्काचे डोळे जाऊ लागले होते. भिंग धरून ती एकेक ओळ लावी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी फार तर एक रुमाल होईल, एवढीच नजर उरली होती.

तो आमचा होणार होता. पिरनवाडीकडचं आमचं रान चुलत्यांनी बळकावलं होतं, कोर्टात दावा चालू होता, आणि जुना निवाडा मिळाला तर रान वाचेल असं वकील सांगत होते. रुमाल आक्कानंच शोधून बाजूला ठेवला होता. सकाळी मीच तिला स्कूटरवरून सोडलं.

संध्याकाळी तिनं हातात गोषवारा दिला तो दुसऱ्याच रुमालाचा. एका विधवेनं दिरावर केलेला अन्नवस्त्राचा दावा, तोही हरलेला. निवाड्यात तिचा उल्लेख 'मयताची बायको' एवढाच. नाव फक्त जबानीत होतं, गोदू.

मी तिथंच तिच्यावर भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "आपल्या घरात भांडाय मानसं हायत रं. ह्या कागदाबिगर गोदूचं कोन हाय?"

ट्रक भरत होता. मी भिजक्या पोत्यांत हात घालून आमचा रुमाल शोधत राहिलो, शेवटी शिपायानं मला धरून बाजूला केलं.

आक्काचा तो न्याय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. वडिलांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं. पण मला तिच्यावाचून करमायचं नाही. तणतणत का होईना, मी रोज तिचा डबा घेऊन जायचो.

शेवटी ती दवाखान्यात होती, पूर्ण आंधळी. त्याच आठवड्यात रानाचा निकाल आमच्याविरुद्ध लागला होता. माझा हात चाचपत तिनं विचारलं, "गोदूचा रुमाल हाय न्हवं जाग्यावर?"

व्हय आक्का, म्हणालो. होताच, मी स्वतः जाऊन बघून आलो होतो.

रानाचं तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.